कार्यालयासाठी अल्पपरिचित ब्राउझर घ्यावा का, आणि घेतल्यास कोणता?

शाहूपुरीतील एका करसल्लागारांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या कार्यालयातील सर्व संगणकांवर क्रोम आहे आणि त्यांपैकी दोन संगणक जुने, चार जीबी रॅमचे आहेत. कार्यालयातील एक तरुण सहकारी स्वतःच्या लॅपटॉपवर व्हिवाल्डी वापरतो आणि कार्यालयातही तोच घ्यावा, असा त्याचा आग्रह आहे. ज्याचे नाव कधी ऐकले नाही, अशा ब्राउझरवर अशिलांचे पासवर्ड आणि बँकेचे व्यवहार सोपवणे वरिष्ठांना मात्र पटत नाही. सगळे जग जे वापरते ते सोडून कमी लोकांच्या वापरातला ब्राउझर घेण्यात शहाणपण आहे का, आणि असल्यास कोणता घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर आधी सांगतो: घ्यायला हरकत नाही. मात्र क्रोम किंवा एज यांपैकी एक ब्राउझर डिजिटल सहीच्या आणि बँकेच्या कामासाठी संगणकावर राहू द्यावा. कोल्हापुरातील लहान कार्यालयांचे संगणक सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे आणि माझ्या रोजच्या कामाला मी व्हिवाल्डीच वापरतो, त्यामुळे माझा कल कोणीकडे आहे हे आपल्याला ठाऊक असलेले बरे. तरीही ब्राउझर निवडताना मी त्याचे नाव किंवा त्याच्या सोयी आधी पाहत नाही. सुरक्षेतील त्रुटी उघड झाल्यावर तिची दुरुस्ती त्या ब्राउझरपर्यंत किती दिवसांत पोहोचते, हे मी आधी पाहतो. या कसोटीला तो उतरला तर नाव अपरिचित असण्याने काही बिघडत नाही, आणि उतरला नाही तर अशिलांचे काम त्यावर करू नये.

ही कसोटी इतकी महत्त्वाची का, हे समजण्यासाठी ब्राउझरच्या आत काय असते ते थोडे पाहावे लागेल. पान वाचून ते पडद्यावर मांडणारा जो गाभा असतो, त्याला इंजिन म्हणतात, आणि आज रोजच्या वापरात खऱ्या अर्थाने तीनच इंजिने उरली आहेत. क्रोमचे ब्लिंक, अ‍ॅपलच्या सफारीचे वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको. त्यांतले ब्लिंकदेखील २०१३ मध्ये वेबकिटपासूनच वेगळे झाले, आणि वेबकिटचे मूळ केडीई या मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रकल्पातील स्वयंसेवकांनी लिहिलेल्या केएचटीएमएल या इंजिनात आहे. क्रोमचा पाया असलेला क्रोमियम हा प्रकल्प मुक्तस्रोत असल्यामुळे कोणालाही तो घेऊन त्यावर आपला ब्राउझर उभारता येतो. व्हिवाल्डी, ब्रेव्ह आणि ऑपेरा याच पायावर उभे आहेत, आणि जानेवारी २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा एजदेखील. एकाच गुऱ्हाळातून निघालेल्या गुळाच्या रव्यांवर मार्केट यार्डात वेगवेगळ्या व्यापाऱ्यांची लेबले लागावीत, तसा हा प्रकार आहे. म्हणून ‘अनोळखी ब्राउझरमध्ये बँकेचे संकेतस्थळ चालेल का’ ही भीती क्रोमियमवर आधारलेल्या ब्राउझरबाबत बहुतांशी निराधार ठरते. संकेतस्थळ मांडणारा गाभा तोच असतो.

गाभा तोच असला, तरी त्यातल्या त्रुटीही त्याच असतात, आणि काळजी करायची ती येथे. क्रोमियममध्ये एखादी गंभीर त्रुटी सापडली की गूगल ती क्रोममध्ये दुरुस्त करून सर्वांना पाठवते आणि ती दुरुस्ती जगाला दिसते. त्या क्षणापासून कोणत्या जागी भगदाड होते हे हल्लेखोरांनाही समजते. ज्या लहान संघाने हीच दुरुस्ती आपल्या ब्राउझरमध्ये घालून पाठवायला तीन आठवडे घेतले, त्याचे वापरकर्ते ते तीन आठवडे उघड्या दाराने बसलेले असतात. वरिष्ठांच्या शंकेला खरा आधार आहे तो हा.

हे तपासणे मुळीच अवघड नाही. ब्राउझरच्या मदत मेनूतील ‘अबाउट’ हे पान उघडावे, तेथे तो क्रोमियमच्या कोणत्या आवृत्तीवर आधारलेला आहे हे बहुधा लिहिलेले असते. त्याची तुलना त्याच दिवशीच्या क्रोमच्या आवृत्तीशी करावी. मात्र येथे एक मेख आहे. क्रोमची नवी आवृत्ती २०२१ पासून दर चार आठवड्यांनी येऊ लागली, पण त्याच क्रोमियमची आठ आठवडे चालणारी दीर्घ मुदतीची शाखाही असते, आणि व्हिवाल्डी त्या शाखेवर चालतो. त्यामुळे व्हिवाल्डीत मोठा क्रमांक एकाने मागे दिसला, तरी तेवढ्यावरून तो असुरक्षित ठरत नाही, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्या शाखेतही घातल्या जातात. पाहायचे ते लहान अपडेटच्या तारखांकडे. क्रोमची तातडीची दुरुस्ती आल्याची बातमी वाचली की त्या आठवड्यात आपल्या ब्राउझरचे अपडेट आले का, हे दोन-तीन वेळा नोंदवून ठेवले, तर त्या कंपनीची सवय लक्षात येते. व्हिवाल्डी आणि ब्रेव्ह या कसोटीला मला उतरलेले दिसतात. ज्या ब्राउझरच्या संकेतस्थळावर शेवटचे अपडेट चार महिन्यांपूर्वीचे आहे, तो कितीही देखणा असो, कार्यालयात आणू नये.

आता आपल्या सहकाऱ्याच्या बाजूने बोलतो, कारण क्रोम सोडण्यात त्याला लाभ दिसतो तो खरा आहे. व्हिवाल्डीची स्थापना ऑपेराच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या योन फॉन टेट्झनर यांनी केली आणि त्याची पहिली पूर्ण आवृत्ती एप्रिल २०१६ मध्ये आली. ज्यांचे सगळे काम ब्राउझरमध्येच चालते अशा माणसासाठी तो बनवला आहे, हे वापरताना जाणवते. दोन टॅब निवडून ते एकाच खिडकीत शेजारी-शेजारी मांडता येतात. जीएसटीआर-२बी (पोर्टलवर मिळणारा खरेदीवरील कराचा तक्ता) एका बाजूला आणि अशिलाची ऑनलाइन खरेदी नोंदवही दुसऱ्या बाजूला ठेवून ताळा घालायचा असेल, तर या एका सोयीने डोळ्यांचा आणि मानेचा त्रास वाचतो. एका अशिलाचे सर्व टॅब एका गठ्ठ्यात बांधता येतात, आणि पान वाचता वाचता बाजूच्या पट्टीत टिपण लिहिता येते. यांतल्या काही गोष्टी क्रोममध्ये एक्सटेन्शन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लावून साधता येतात, पण एक्सटेन्शन लिहिणारा कोण आणि उद्या तो ते कोणाला विकेल, याची खात्री नसते. अशिलांची गोपनीय माहिती हाताळणाऱ्या कार्यालयात एक्सटेन्शन जितकी कमी, तितके चांगले.

करसल्लागाराच्या कामासाठी याहून मोठी सोय मात्र फायरफॉक्सच्या कुळात आहे. फायरफॉक्स आता लोकप्रिय म्हणावा की अल्पपरिचित, हा प्रश्नच आहे. क्रोमचा वाटा जगात सुमारे दोन तृतीयांश आणि भारतात त्याहूनही जास्त असताना, शाहूपुरीत फायरफॉक्स उघडलेला संगणक मला क्वचितच दिसतो. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने २०१७ मध्ये त्यासाठी ‘मल्टी-अकाउंट कंटेनर्स’ नावाचे स्वतःचे एक्सटेन्शन दिले. त्यात प्रत्येक टॅबला एक रंगीत कप्पा नेमून देता येतो आणि एका कप्प्यातील लॉगिन दुसऱ्या कप्प्याला दिसत नाही. साध्या ब्राउझरमध्ये एका अशिलाच्या नावाने पोर्टलवर लॉगिन असताना दुसऱ्याचे उघडायचे तर आधी बाहेर पडावे लागते, किंवा इनकॉग्निटो खिडकीचा आधार घ्यावा लागतो. कप्पे वापरले तर निळ्या टॅबमध्ये एक अशील आणि नारिंगी टॅबमध्ये दुसरा, असे काम करता येते. एकाचे विवरण दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये भरले जाण्याची भीतीही त्याने बरीच कमी होते.

या कुळातला लिब्रवुल्फ हा ब्राउझर गोपनीयतेसाठी फार नावाजला जातो आणि समाजमाध्यमांवर त्याची शिफारस वारंवार दिसते. घरी, स्वतःच्या जबाबदारीवर तो जरूर वापरावा. कार्यालयासाठी मी त्याची शिफारस करत नाही, आणि याचे कारण त्याच्या दोषांत नसून त्याच्या काटेकोरपणात आहे. संकेतस्थळांना आपला संगणक ओळखता येऊ नये म्हणून तो आपली वेळ ग्रिनिच वेळेप्रमाणे सांगतो. त्यामुळे वेबमेलमधील पत्रांच्या वेळा साडेपाच तास मागे दिसतात, आणि दुपारी चारला आलेली नोटीस सकाळी साडेदहाची वाटते. त्याहून विचित्र प्रकार फोटो चढवताना होतो. अनेक अर्जांच्या पानांवर फोटो लहान करण्याचे काम ब्राउझरमध्येच केले जाते. लिब्रवुल्फ त्या प्रक्रियेला चित्राची खरी माहिती वाचू देत नाही आणि तिच्या जागी निरर्थक ठिपके पुरवतो. परिणामी अर्जावर अशिलाच्या चेहऱ्याऐवजी रंगीबेरंगी पट्टे उमटतात, आणि त्या कार्यालयातील कोणीही त्याचा दोष ब्राउझरला देत नाही. स्कॅनर बिघडला, असेच सर्वांना वाटते. शिवाय ब्राउझर बंद करताच कुकीज, म्हणजे लॉगिन वगैरे लक्षात ठेवणाऱ्या नोंदी, पुसल्या जातात, आणि फसव्या संकेतस्थळांची सूचना देणारी गूगलची सुरक्षा यादी त्यात मुळात बंद ठेवलेली असते. जाणकाराला हे चालते. बँकेच्या नावाने आलेल्या दुव्यावर घाईत क्लिक करणारा माणूस कार्यालयात असेल, तर ती यादी चालू असलेली बरी.

डिजिटल सहीच्या बाबतीत आपल्या वरिष्ठांचे म्हणणे मी जसेच्या तसे मान्य करतो. जीएसटी पोर्टलवर डीएससी (डिजिटल सहीचे प्रमाणपत्र) टोकनने सही करायची, तर संगणकावर एमसाइनर हा छोटा प्रोग्रॅम चालू असावा लागतो, आणि पोर्टलचे पान आपल्याच संगणकाच्या १२७.०.०.१ या अंतर्गत पत्त्यावर, १५८५ क्रमांकाच्या पोर्टवर, त्या प्रोग्रॅमशी संपर्क साधते. बाहेरच्या संकेतस्थळाने आपल्या संगणकाच्या आत असे डोकावणे हे गोपनीयतेच्या दृष्टीने संशयास्पदच आहे, त्यामुळे ब्रेव्हसारखा ब्राउझर ते परवानगीशिवाय होऊ देत नाही. फायरफॉक्सचे प्रमाणपत्रांचे भांडार स्वतःचे असल्याने तेथे तो पत्ता वेगळ्या टॅबमध्ये उघडून, धोक्याची सूचना वाचून, अपवाद म्हणून स्वीकारावा लागण्याची वेळ अनेकदा येते. हे सर्व जुळवता येते, मी जुळवून दिलेही आहे. परंतु विवरणाच्या शेवटच्या तारखेला रात्री नऊ वाजता टोकन ओळखले जात नाही तेव्हा मदतकेंद्रावरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘ब्राउझर कोणता?’ हा, आणि उत्तर ऐकून तेथेच थांबतो. त्या रात्री क्रोम किंवा एज हाताशी असावा. डीएससीचे काम, बँक आणि निविदांचे संकेतस्थळ यांसाठी त्यांपैकी एक वेगळा राखून ठेवावा, त्यात एकही एक्सटेन्शन लावू नये आणि त्यात दुसरे काहीही उघडू नये. असे वेगळे ठेवल्याने सुरक्षाही वाढते, कारण दिवसभर इकडेतिकडे फिरणारा ब्राउझर आणि पैशांचा ब्राउझर एक राहत नाही.

कधी एखादे संकेतस्थळ ‘आपला ब्राउझर चालणार नाही’ अशी पाटी दाखवते, तीही नेहमी खरी नसते. पुष्कळ ठिकाणी केवळ नाव तपासून दार लावले जाते. याच कारणाने व्हिवाल्डीने डिसेंबर २०१९ पासून संकेतस्थळांना आपले नावच सांगणे बंद केले आणि तो क्रोम म्हणून ओळख देऊ लागला. त्यामुळे वापराच्या आकडेवारीत तो आहे त्यापेक्षाही लहान दिसतो.

चार जीबी रॅमच्या संगणकांबाबत मात्र आपल्या सहकाऱ्याची अपेक्षा पुरी होईल असे वाटत नाही. रॅम खातात ती मुख्यतः पाने, ब्राउझर नव्हे. २०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधील त्रुटी उघड झाल्यानंतर क्रोमने प्रत्येक संकेतस्थळ स्वतंत्र प्रक्रियेत ठेवण्यास सुरुवात केली, त्याने रॅमचा वापर वाढला, पण एका टॅबमधील हल्ला दुसऱ्या टॅबमधील बँकेपर्यंत पोहोचणे अवघड झाले. क्रोमियमवरील सर्वच ब्राउझरांना हा खर्च आहे. केडीईचा फाल्कन ‘हलका’ म्हणून सुचवला जातो, पण त्याच्या आतही क्रोमियमच आहे. पेल मून खरोखर हलका आहे. गोआना हे त्याचे इंजिन फायरफॉक्सच्या जुन्या गाभ्यापासून वेगळे वाढले. मात्र तो सर्व पाने एकाच प्रक्रियेत चालवतो, आणि आजच्या अनेक संकेतस्थळांची मांडणी त्यात मोडते. वाचनापुरता तो ठीक आहे, अशिलांच्या कामाला नाही. आपल्या जुन्या संगणकांना ब्राउझर बदलण्यापेक्षा रॅम आठ जीबी करणे आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे यांचा गुण अधिक येईल. ते होईपर्यंत न वापरलेले टॅब झोपवण्याची सोय चालू ठेवावी. ती व्हिवाल्डीत आहे, आणि आता क्रोममध्येही आहे. त्या संगणकांवर विंडोज ७ किंवा ८.१ असेल, तर क्रोमची १०९ ही आवृत्ती शेवटची ठरली आहे. तेथे ब्राउझरचा विचार करण्याआधी विंडोज बदलावे.

जाहिराती रोखण्याच्या बाबतीत अलीकडे मोठा फरक पडला आहे. क्रोमने एक्सटेन्शनची जुनी पद्धत २०२५ मध्ये पूर्णपणे बंद केली आणि त्यासोबत यूब्लॉक ओरिजिन हे नामांकित एक्सटेन्शनही तेथून गेले. त्याची कमी ताकदीची लाइट आवृत्ती तेवढी उरली. फायरफॉक्समध्ये ते मूळ रूपात चालते, अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्येही. व्हिवाल्डी आणि ब्रेव्ह यांनी जाहिरात रोखण्याची व्यवस्था ब्राउझरच्या आतच दिली आहे. आयफोनवर मात्र भारतात सर्व ब्राउझरांना अ‍ॅपलचेच वेबकिट वापरावे लागते, त्यामुळे तेथे ब्राउझर बदलून बाहेरचे रूपच काय ते बदलते.

लहान ब्राउझर घेताना त्याचा खर्च कोण भागवतो, हेही विचारावे. व्हिवाल्डीचे उत्पन्न शोधयंत्रांशी केलेल्या करारांतून आणि आधीच बसवलेल्या बुकमार्कांतून येते. ब्रेव्ह स्वतःच्या जाहिराती दाखवतो, आणि २०२० मध्ये वापरकर्त्याने टंकलेल्या पत्त्याला आपला दलालीचा कोड जोडल्याबद्दल त्याला माफी मागावी लागली होती. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा तर गूगलच्याच करारातून येतो. वॉटरफॉक्स एका जाहिरात कंपनीकडे गेल्याचे २०२० मध्ये उघड झाले आणि २०२३ मध्ये तो पुन्हा स्वतंत्र झाला. आर्क हा ब्राउझर एवढ्या कौतुकाने वापरला जात असताना त्याच्या निर्मात्यांनीच त्यात नव्या सोयी घालणे थांबवले. लोकप्रिय ब्राउझर वापरणाऱ्याला ही चिंता नसते, आपल्याला ती वर्षातून एकदा तरी करावी लागेल.

भारतीय ब्राउझर घ्यावा का, असेही काही कार्यालयांतून विचारले जाते. बंगळुरूच्या एपिकने २०१० मध्ये भारतीय भाषांसह सुरुवात केली होती. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने घेतलेल्या स्वदेशी ब्राउझर स्पर्धेचा निकाल मार्च २०२५ मध्ये लागला आणि त्यात झोहोच्या संघाला पहिले पारितोषिक मिळाले. झोहोचा उला ब्राउझर क्रोमियमवरच उभा आहे. या स्पर्धेत डिजिटल सह्यांच्या प्रमाणपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या भारतीय प्रमाणन नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्राला ब्राउझरमध्ये विश्वासाचे स्थान देणे अपेक्षित होते, त्यामुळे पुढे डीएससीच्या कामात त्याचा उपयोग होऊ शकेल. तूर्त त्यालाही तीच कसोटी लावावी: दुरुस्ती किती दिवसांत येते?

बदल करायचे ठरलेच तर सर्व संगणकांवर एकदम करू नये. सहकाऱ्याच्या संगणकावर व्हिवाल्डी आणि कप्प्यांची सोय लावलेला फायरफॉक्स दोन्ही टाकावेत, आणि एका विवरणाचा महिना पूर्ण जाऊ द्यावा. पासवर्ड नव्या ब्राउझरमध्ये नेताना सीएसव्ही फाइल तयार झाली, तर काम होताच ती डाउनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधूनही पुसावी, कारण त्या फाइलमध्ये अशिलांचे सर्व पासवर्ड उघड वाचता येतात. ती फाइल तशीच पडून राहिलेली मी एकाहून अधिक कार्यालयांत पाहिली आहे. व्हिवाल्डीची सिंक सोय (सर्व संगणकांवर तीच माहिती ठेवणारी) वापरणार असाल, तर तिच्यासाठी लॉगिनच्या पासवर्डखेरीज दुसरा, माहिती कुलूपबंद करणारा पासवर्ड ठरवावा लागतो. तो विसरला तर कंपनीलाही सर्व्हरवरील माहिती उघडून देता येत नाही, म्हणून तो कागदावर लिहून कार्यालयाच्या कपाटात ठेवावा.